मे बॉल : केंब्रिजला परतणाऱ्यांची रात्र

केंब्रिज विद्यापीठातील परीक्षा संपल्यावर जूनच्या मध्यावर येणाऱ्या उत्सवाच्या आठवड्याला ‘मे वीक’ म्हणतात. या आठवड्यात तिथली कॉलेजे आपापल्या आवारात रात्रभर चालणारा जो समारंभ भरवतात, तो ‘मे बॉल’. पूर्वी हा आठवडा खरोखरच मे महिन्यात, परीक्षेच्या आधी येत असे. पुढे तो जूनमध्ये गेला आणि जुने नाव तसेच राहिले. सूर्य मावळायच्या आत सुरू होऊन पहाटे संपणारा हा समारंभ एका कल्पनेभोवती, म्हणजे थीमभोवती रचलेला असतो आणि ती थीम दर खेपेस बदलते. चालू विद्यार्थी तर त्यात असतातच, पण पदवी घेऊन बाहेर पडलेले जुने विद्यार्थीही मित्रमैत्रिणींना जमवून याच रात्रीसाठी गावात परततात.

बॉलचे मूळ नदीवरच्या नौकाशर्यतीत आहे. कॅम नदी अरुंद असल्यामुळे दोन नौका शेजारी शेजारी पळवता येत नाहीत. म्हणून त्या एकामागे एक, दीड नौकेइतके अंतर राखून उभ्या करतात आणि तोफेच्या आवाजाबरोबर सोडतात. मागच्या नौकेने पुढच्या नौकेला गाठून धडक दिली की दुसऱ्या दिवशी तिला एक जागा वरची मिळते. ‘बम्प्स’ नावाची ही शर्यत मे वीकच्या आधी चार दिवस चालते. धडक देणारे वल्हेकरी काठावरच्या झाडांचे डहाळे तोडून केसांत खोचतात आणि तसेच मिरवत कॉलेजात येतात. या विजयाच्या मेजवान्यांतून बॉल जन्माला आला. ट्रिनिटी कॉलेजच्या नौकामंडळाने 1866 मध्ये भरवलेला बॉल पहिला मानला जातो आणि आजही ट्रिनिटीचा बॉल कॉलेजच्या नौकामंडळाच्याच नावाने होतो. मे वीकमधला सोमवार ट्रिनिटीचा आणि मंगळवार शेजारच्या सेंट जॉन्सचा, ही वाटणी आता पक्की झाली आहे. विद्यापीठात एकूण 31 कॉलेजे आहेत. त्यांतली काही दर वर्षी बॉल भरवतात, तर मॉडलिनसारखी काही एक वर्षाआड. ज्यांना एवढा खर्च झेपत नाही किंवा नको असतो, ती ‘जून इव्हेंट’ नावाचा लहान आणि स्वस्त समारंभ करतात.

सुरुवातीचे बॉल पुरुषांच्या कॉलेजांत भरत आणि स्त्रिया तिथे पाहुण्या म्हणून येत. गर्टन हे स्त्रियांचे कॉलेज 1869 मध्ये आणि न्यूनम 1871 मध्ये निघाले, तरी केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी दिली ती 1948 मध्ये. पुरुषांच्या कॉलेजांपैकी चर्चिल, क्लेअर आणि किंग्ज यांनी 1972 मध्ये मुलींना प्रवेश दिला; मॉडलिनने त्यासाठी 1988 पर्यंत वेळ घेतला. जोडीचे तिकीट विकण्याची पद्धत त्या जुन्या काळाची खूण आहे. आज त्या जोडीत दोन मैत्रिणी असतात, दोन भाऊ असतात किंवा एकाच प्रयोगशाळेत राबलेले दोन सहकारी असतात.

मराठी वाचकाला हे गाव अनोळखी नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे 1899 मध्ये सेंट जॉन्समधून गणिताच्या परीक्षेत पहिले आले. तो मान त्यांना एका इंग्रज विद्यार्थ्याबरोबर विभागून मिळाला आणि ‘सीनियर रँग्लर’ झालेले ते पहिले भारतीय ठरले. ‘रँग्लर’ ही पदवी पुण्यात त्यांच्या नावाला कायमची चिकटली. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख जीझस कॉलेजचे विद्यार्थी होते. जयंत नारळीकर 1957 मध्ये फिट्झविल्यममध्ये दाखल झाले, पुढे किंग्जचे फेलो झाले आणि 1972 मध्ये मुंबईला परतले. ‘चार नगरांतले माझे विश्व’ या त्यांच्या आत्मचरित्रातल्या चार नगरांत केंब्रिज आहे. त्यामुळे महाराष्ट्रातून शिकायला गेलेला विद्यार्थी पुन्हा त्या गावात पाऊल ठेवतो, तेव्हा तो एका जुन्या, ओळखीच्या वाटेवरूनच चालत असतो.

परतणारे तीन प्रकारचे असतात. पदवी घेऊन एखादे वर्ष झालेल्यांचे धाकटे मित्र अजून कॉलेजात असतात, त्यामुळे त्यांना तिकीट मिळवायला आणि रात्री पथारी टाकायला जागा शोधावी लागत नाही. दुसरे मध्ये काही वर्षे नोकरी करून संशोधनासाठी पुन्हा नाव घालतात. ते विद्यार्थीच असतात, पण भोवतालच्यांपेक्षा वयाने मोठे. तिसरे दहा-पंधरा वर्षांनी येतात, कुणी मुंबईहून, कुणी सिंगापूरहून, आणि एकाच रात्रीसाठी सगळ्यांच्या रजा जुळवून आणतात. कॉलेजे जुन्या विद्यार्थ्यांसाठी काही तिकिटे बाजूला ठेवतात. तिकीट माणशी शंभर पौंडांच्या बरेच वर असते, पण एकदा आत शिरल्यावर खाणे, पिणे, गाणे, पाळणे, कशासाठीही पुन्हा खिशात हात घालावा लागत नाही.

लंडनच्या किंग्ज क्रॉसहून सुटणारी जलद गाडी पाऊण-एक तासात केंब्रिजला पोचते. वाटेत डोंगर नाही की घाट नाही, सपाट शेते आणि वर मोठे आभाळ. 1845 मध्ये बांधलेले स्टेशन जुन्या गावापासून बरेच दूर आहे. टॅक्सी न करता हिल्स रोडने सरळ चालत गेले, तर वीस-पंचवीस मिनिटांत एमॅन्युएल कॉलेज लागते आणि तिथून पुढे गल्ल्या अरुंद होत बाजारचौकाकडे वळतात. मे वीकच्या दिवसांत या रस्त्यावर बॅगा ओढणाऱ्या, हँगरला लावलेले सूट खांद्यावर टाकलेल्या मंडळींची रीघ असते. खोली आधी धरलेली नसेल तर गावात जागा मिळणे कठीण, म्हणून पुष्कळ जण मित्राच्या खोलीत जमिनीवर पसरतात.

आठवडाभर गावात इतरही कार्यक्रम असतात. ट्रिनिटीचे गायकवृंद एका संध्याकाळी नदीवर गातात. सपाट बुडाच्या नावा, म्हणजे पंट, एकमेकींना बांधून रेन ग्रंथालयाच्या मागे उभ्या करतात. गायक त्यांत बसून गातात आणि श्रोते काठावरच्या हिरवळीवर. 1695 मध्ये पुरी झालेली ग्रंथालयाची ती दगडी इमारत उतरत्या उन्हात पिवळी दिसते. लहान कॉलेजांत दुपारी बागेतल्या मेजवान्या चालतात. ज्या कॉलेजात रात्री बॉल असतो, तिथे सकाळपासून ट्रक येत असतात आणि भिंतीपलीकडून हातोड्यांचे आवाज ऐकू येतात.

बॉलची सगळी जबाबदारी विद्यार्थ्यांवर असते. विशी-बाविशीतली मुले-मुली समिती स्थापन करतात. अध्यक्ष, खजिनदार, सजावट, खाणे, संगीत, सुरक्षा अशी कामे वाटून घेतात आणि हिवाळ्याच्या आधीच तयारीला लागतात. मोठ्या बॉलचे अंदाजपत्रक लाखो पौंडांत जाते. परवाने, विमा, अग्निशमन, शेजाऱ्यांना आवाजाची आगाऊ सूचना हे सगळे त्यांना अभ्यास सांभाळून करावे लागते. एवढी रक्कम आणि एवढी माणसे हाताळण्याची संधी त्या वयात फार थोड्यांना मिळते. रात्री वाढपी, पहारेकरी, सामान वाहणारे म्हणूनही मोठ्या संख्येने विद्यार्थीच काम करतात; काही ठिकाणी अर्धी रात्र काम आणि अर्धी रात्र मौज अशीही सोय असते.

थीम ठरवणे हे समितीचे सर्वांत अवघड काम. ती बहुधा गुपित ठेवतात आणि तिकीटविक्रीच्या सुमारास जाहीर करतात. समुद्राचा तळ, 1920 च्या दशकातले शहर, परीकथेतले अरण्य, अंतराळ असे विषय पुन्हा पुन्हा येतात. चांगली थीम फलकांवर आणि कागदी फुलांवर थांबत नाही. केंब्रिजची जुनी कॉलेजे पुण्याच्या जुन्या वाड्यासारखी चौकाला चौक जोडत वाढलेली आहेत आणि थीम या रचनेचा फायदा घेते. विषय सागरप्रवासाचा असेल तर दरवाजाजवळ जहाजाचा जिना उभा राहतो, प्रत्येक चौक एकेक बंदर होतो, एका बंदरात मासे भाजले जातात, दुसऱ्यात मसाल्यांचा वास येतो, आणि दोन चौकांमधल्या अंधाऱ्या कमानीत लाटांचा आवाज लावलेला असतो. पाहुणा कमानीतून बाहेर पडला की दुसऱ्या मुलखात आलेला असतो.

वेशभूषेचे नियम तिकिटावर छापलेले असतात. बहुतेक ठिकाणी पुरुषांना काळा डिनर सूट आणि बो, स्त्रियांना पायघोळ पोशाख. मॉडलिनमध्ये त्याहून कडक, शेपटीचा कोट आणि पांढरा बो. थीम सजावटीला लागू असते, पाहुण्यांच्या कपड्यांना सहसा नसते. किंग्ज कॉलेजची रीत मात्र वेगळी आहे. तिथे ‘किंग्ज अफेअर’ नावाचा समारंभ होतो, त्यात सूट-बोची सक्ती नसते आणि मंडळी थीमनुसार हवी ती सोंगे घेऊन येतात. वर्षभर कॉलेजांच्या तळघरांत आणि बारमध्ये ‘बॉप’ नावाच्या ज्या छोट्या पार्ट्या होतात, त्यांचीही हीच तऱ्हा. सूट-बोच्या जागी आपल्या देशाचा पोशाख बहुतेक बॉलमध्ये चालतो आणि भारतीय विद्यार्थी ही सवलत मनापासून वापरतात. बंदगळा, शेरवानी, पैठणी त्या गर्दीत उठून दिसतात. पैठणीचा पदर मोराचा असेल, तर रांगेतच चार अनोळखी माणसे थांबून विचारपूस करतात, आणि विणकराचे येवला हे गाव त्या रात्री पाच-दहा जणांना नव्याने कळते.

रांग हाही समारंभाचाच भाग आहे. दरवाजा उघडायच्या कितीतरी आधीपासून ती कॉलेजच्या भिंतीला वळसा घालून उभी असते. जूनमध्ये केंब्रिजला सूर्य रात्री साडेनऊच्या जरा आधी मावळतो, त्यामुळे सगळी रांग स्वच्छ उजेडात असते. कुणी जादूगार पत्ते काढून दाखवतो, कुणी ट्रम्पेट वाजवत रांगेच्या कडेने फिरतो, पेयांचे पेले हातोहात येतात. परतलेल्यांच्या भेटी इथेच होतात. पुढच्या वळणावर एकजण मागे वळून पाहतो, चेहरा ओळखीचा वाटतो, चष्मा नवा असतो, केस विरळ झालेले असतात, आणि नाव आठवायच्या आत मिठी पडलेली असते. दरवाजात तिकीट, ओळखपत्र आणि चेहरा ताडून पाहतात, मनगटावर पट्टी बांधतात. ही तपासणी कडक असते. विनातिकीट घुसणे हा तिथल्या मुलांचा जुना खेळ आहे. कुणी भिंतीवरून, कुणी नदीतून, कुणी वाढप्याच्या वेशात आत शिरायचा प्रयत्न करतो.

आत शिरल्यावरचा पहिला अर्धा तास जुन्या विद्यार्थ्याला चकवणारा असतो. ज्या हिरवळीवर पाय टाकायचा अधिकार एरवी फक्त फेलोंना असतो, तिथे मांडव उभा असतो. जिथे सकाळी सायकली लावल्या जात, तिथे पाळणा फिरतो. ज्या भोजनगृहात काळे झगे घालून ताटावर बसायचे, तिथे नाचाचे फड जमतात. वाटा आखून दिलेल्या असतात, ओळखीच्या कमानी पडद्यांनी झाकलेल्या असतात, आणि आठ वर्षे तिथे राहिलेल्या माणसालाही आपली जुनी खोली कुठल्या जिन्यावर होती ते चटकन उमगत नाही.

थीमचे खरे काम इथे दिसते. एरवी जुना विद्यार्थी कॉलेजात येतो तेव्हा त्याच्या हातात आठवणी असतात आणि चालू विद्यार्थ्याच्या हातात किल्ल्या; दोघांमध्ये अंतर पडते, एक सांगत राहतो आणि दुसरा सभ्यपणे ऐकत राहतो. बॉलच्या रात्री ती जागा दोघांनाही नवी असते. पहिल्या वर्षाची मुलगी आणि पंधरा वर्षांनी परतलेला डॉक्टर एकाच नकाशावर डोके टेकवून खाण्याचा मांडव शोधत असतात. त्यांच्यात ज्या गप्पा होतात त्या ‘आमच्या वेळी’पासून सुरू होत नाहीत.

खाण्याचे मांडव रात्रभर चालतात. ट्रिनिटीत शँपेन आणि ऑयस्टर ही जुनी जोडी आहे. इतरत्र पिझ्झा, करी-भात, डोनट, आइस्क्रीम, शाकाहारींसाठी वेगळी भांडी, असा सगळा पसारा असतो. मोठ्या मंचावर नावाजलेले गायक, लहान मंचावर कॉलेजचे स्वतःचे जॅझवाले, एका कोपऱ्यात 1883 पासून चालत आलेल्या ‘फूटलाइट्स’ मंडळीचे विनोदी प्रवेश. स्कॉटिश-आयरिश पद्धतीचा केली नाच अनोळखी माणसांनाही पाच मिनिटांत एका गोलात आणतो, कारण त्यात पावले ओरडून सांगणारा माणूस असतो आणि चुकणाऱ्याला शेजारी ओढून घेतात. कानाला यंत्र लावून नाचण्याचा प्रकारही असतो. बाहेरून पाहणाऱ्याला तिथे शेकडो माणसे निःशब्द उड्या मारताना दिसतात. जुने मित्र या सगळ्यात काही वेळ नाचतात आणि बराच वेळ एखाद्या जिन्याच्या पायऱ्यांवर बसून बोलत राहतात.

अंधार पुरता पडला की आतषबाजी होते. ट्रिनिटी आणि सेंट जॉन्सची आतषबाजी पाहायला सगळे गाव लोटते. तिकीट नसलेले लोक पुलांवर आणि नदीकाठच्या मोकळ्या जागांत उभे राहतात, पंटवाले आधीच जागा धरून बसतात, आणि नदी इतकी भरते की एका नावेतून दुसऱ्या नावेत पाय टाकत पलीकडे जाता यावे. सेंट जॉन्सचा 1831 मध्ये बांधलेला झाकलेला पूल, त्याखालचे पाणी आणि वरचा उजेड एकाच वेळी पाहायचा असेल, तर नदीवरच असावे लागते. कॉलेजच्या आतून फटाके जवळून दिसतात, बाहेरून नदीसकट दिसतात.

मध्यरात्रीनंतर थंडी पडते. जून असला तरी पारा दहा अंशांच्या आसपास उतरू शकतो आणि दवाने हिरवळ ओली होते. उंच टाचांचे जोडे हातात येतात, सुटाचे कोट मैत्रिणींच्या खांद्यावर जातात. दोन-तीनच्या सुमारास गर्दी विरळ होते आणि चहा-कॉफीच्या मांडवापुढे रांग लागते. रात्र मुळातच लहान असते. चारच्या आधी पूर्वेला उजाडू लागते आणि पावणेपाचच्या आसपास सूर्य वर येतो. शेवटपर्यंत टिकलेल्यांना एका चौकात गोळा करून उंचावरून सगळ्यांचे एकत्र छायाचित्र काढतात. ‘सर्व्हायव्हर्स फोटो’ नावाचे हे छायाचित्र बहुतेक बॉलमध्ये काढले जाते. सुरकुतलेले सदरे, विसकटलेल्या वेण्या, अनवाणी पाय आणि हसरे चेहरे त्यात एका रांगेत येतात, आणि कोण कोणत्या सालचा ते त्यात ओळखू येत नाही.

ज्यांच्या पायांत अजून बळ असते ते नदीच्या वरच्या अंगाला ग्रँटचेस्टर खेड्याकडे निघतात. पहाटे पंटमधून किंवा कुरणातल्या पायवाटेने चालत तिथे जाऊन न्याहारी करायची, ही बॉलनंतरची जुनी रीत. केंब्रिजमध्ये नावाडी पंटच्या मागच्या टोकावरच्या फळीवर उभा राहतो आणि लांब काठी नदीच्या तळाला टेकवून नाव पुढे ढकलतो. काठी चिखलात रुतली तर ती वेळीच सोडायची असते, नाहीतर नाव पुढे जाते आणि नावाडी काठीवर लटकतो. ग्रँटचेस्टरच्या सफरचंदाच्या बागेत 1897 पासून चहा दिला जातो आणि कवी रूपर्ट ब्रुक त्या खेड्यात राहत असे. कुरणात गाई चरत असतात आणि त्यांच्यामधून पायघोळ पोशाखांतली माणसे डबे घेऊन चाललेली दिसतात.

या समारंभावर टीकाही होते आणि ती ऐकण्यासारखी आहे. एका रात्रीसाठी एवढा पैसा आणि एवढे लाकूड, कापड, अन्न वापरावे का, हा प्रश्न विद्यार्थीच विचारतात. ज्याचे घर सुट्टीतल्या नोकरीवर चालते, त्याला तिकीट परवडत नाही आणि बाहेर उभे राहून फटाके पाहावे लागतात. यावर उपाय निघू लागले आहेत: गरजूंसाठी सवलतीची तिकिटे, तिकिटाबरोबर देणगी, उरलेल्या सामानाचा पुनर्वापर. थीमचा प्रश्न आणखी नाजूक आहे. दुसऱ्या समाजाचा पोशाख सोंग म्हणून चढवणे अनेकांना खुपते. पेम्ब्रोक कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी 2016 मध्ये ‘ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा’ ही पार्टीची थीम याच कारणाने मागे घेतली आणि त्यावर बरेच वादळ उठले. या वादातून समित्या शहाण्या झाल्या आहेत. देशांची आणि माणसांची नक्कल करण्यापेक्षा काळ, निसर्ग, विज्ञान, कल्पित मुलूख यांवर त्या भर देतात आणि आपल्या देशाचा पोशाख ज्याचा त्याने मानाने घालावा, अशी मोकळीक ठेवतात. हा फरक योग्य आहे.

महाराष्ट्रातल्या कॉलेजांतही गॅदरिंगच्या दिवसांत ‘ट्रॅडिशनल डे’, ‘साडी डे’ असे ठरलेल्या विषयांचे दिवस होतात आणि तेही विद्यार्थीच चालवतात. त्यांत जुन्या विद्यार्थ्यांना जागा क्वचितच असते. त्यांच्यासाठी वेगळा माजी विद्यार्थी मेळावा होतो, ज्यात भाषणे असतात आणि समोर फक्त समवयस्क. केंब्रिजच्या रात्रीतून घेण्यासारखी गोष्ट हीच, की जुन्यांना चालू विद्यार्थ्यांच्याच उत्सवात पाहुणे म्हणून बोलवावे आणि त्या उत्सवाची सूत्रे पूर्णपणे चालू विद्यार्थ्यांच्या हातात ठेवावी. त्याला शँपेन लागत नाही.

ज्यांनी केंब्रिजला शिक्षण घेतले आहे त्यांनी एकदा तरी या रात्रीसाठी परत जावे आणि एकट्याने न जाता जुन्या टोळक्यासह जावे. जुन्या विद्यार्थ्यांच्या तिकिटांची चौकशी वर्षाच्या सुरुवातीलाच करावी, खोली त्याच वेळी धरावी, सपाट जोडे आणि उबदार शाल न विसरता बरोबर घ्यावी. ज्यांचा केंब्रिजशी काही संबंध नाही त्यांनीही जूनमध्ये इंग्लंडला जाणे झाल्यास मे वीकचा सोमवार किंवा मंगळवार तिथे काढावा: नदीकाठी उभे राहायला तिकीट लागत नाही.